मापाचा सँडिंग पट्टा

दागिना हाताने घासायला पॉलिश पेपरचा लहानसा तुकडा पुरतो. सँडिंग मशीनला मात्र अखंड पट्टा लागतो. तो मोठ्या रोलमधून कापून, टोके जोडून तयार होतो. त्यामुळे दुकानात न मिळणारे मापही बनवून घेता येते. जुना पट्टा कापून, सरळ पसरून मोजणे सर्वांत खात्रीचे. तो नसेल, तर दोन सारख्या पुलींच्या केंद्रांमधील अंतराची दुप्पट अधिक व्यासाची ३.१४ पट: अंतर ४०० मिमी, व्यास १०० मिमी, तर लांबी १११४ मिमी. ताणाचा स्क्रू मधोमध ठेवूनच मोजावे. मागणीत रुंदी, लांबी, ग्रिट (कणांचा जाडबारीकपणा) आणि काम लाकडाचे की धातूचे, हे लिहावे. एकावर एक चढवलेल्या सांध्याचा पट्टा त्याच्या पाठीवरील बाणाच्या दिशेनेच बसवावा. उलटा बसवल्यास सांधा उचकटतो.