'नक्की ना?' असं गिऱ्हाइकाला किती वेळा विचारायचं?

डहाणू-तलासरीत बसून चिकूचे चिप्स, लोणची, वारली चित्रांच्या पिशव्या ऑनलाइन विकायची तयारी तुमच्यापैकी बरेच जण करताय. वेबसाइट बनवणारा कधीतरी विचारणारच, "पॉपअप टाकायचे ना?" त्याला हो म्हणायच्या आधी हे वाचा.

तुम्ही स्वतः ब्राउझर उघडता तेव्हा काय होतं बघा. पान नीट दिसायच्या आतच चौकट येते, नोटिफिकेशन पाठवू का? मग लोकेशन द्या, मग कुकीज मान्य करा. वाचतो का आपण? जे बटण आधी दिसेल ते दाबून मोकळे होतो. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने 2019 मध्ये हे मोजलं, तर नोटिफिकेशनच्या 100 पैकी सुमारे 99 चौकटींना होकार मिळतच नव्हता! जानेवारी 2020 पासून फायरफॉक्सने ती चौकट आपणहून उघडणं बंद केलं आणि पुढच्याच महिन्यात क्रोमनेही तिचा आवाज कमी केला.

कटकट होते हे तर आहेच. पण खरं नुकसान सवयीचं आहे. न वाचता दाबायची सवय लागली की खरा इशाराही तसाच उडवला जातो, आणि फसवणारे त्यावरच जगतात. 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' असं दिसलं तर दाबू नका. दाबलं की मोबाइलवर लॉटरी, कर्ज, व्हायरसच्या खोट्या सूचना सुरू. आधीच दाबलं असेल तर क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि ती साइट ब्लॉक. (उद्यम नोंदणी करणाऱ्यांनी जास्त जपा. सरकारी पोर्टल फुकट आहे आणि त्याचा पत्ता गव्ह डॉट इनने संपतो.)

सगळ्या चौकटी वाईट नसतात हां. अर्धा फॉर्म भरून चुकून बॅक दाबलं तर 'लीव्ह साइट?' विचारलं जातं, ती कामाची. त्यातला मजकूर क्रोमने 2016 पासून साइटच्या हातात ठेवलेला नाही, कारण लोक त्यात धमक्या लिहायचे.

रिफ्रेश केल्यावर 'फॉर्म पुन्हा पाठवायचा का?' येतं, तिथे मात्र सावध. हो म्हटलं तर तीच ऑर्डर दोनदा जाऊ शकते. यात दोष गिऱ्हाइकाचा नाही, साइट बनवणाऱ्याचा. ऑर्डर घेतल्यावर साइटने गिऱ्हाइकाला 'ऑर्डर मिळाली' अशा वेगळ्या पानावर न्यायला हवं, म्हणजे रिफ्रेश केलं तरी दुसरी ऑर्डर पडत नाही. हे काम करून घ्याच.

आता तुमच्या दुकानाचं बघू. जे मागे घेता येतं, तिथे विचारूच नका. जीमेल 'मेल नक्की पाठवू का?' विचारत नाही, पाठवतं आणि 5 ते 30 सेकंद 'अनडू' देतं. तसंच कार्टमधून चिप्सचं पाकीट काढलं तर काढू द्या, खाली 'परत घ्या' ठेवा. ताज्या चिकूचं तसं नाही. खोकं गाडीत चढलं की परत येईपर्यंत फळ पिकून मऊ. तिथे एकदा विचारा, पण नुसतं 'नक्की?' नको. '5 किलोची 2 खोकी, बोरिवलीला, शुक्रवारी' असं लिहा आणि बटणांवर 'हो-नाही' ऐवजी 'ऑर्डर पक्की करा' आणि 'बदल करायचाय'. चूक असेल तर ती वाचतानाच डोळ्यात भरते.

आणखी एक. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 'डार्क पॅटर्न'वर बंदी घातली. त्यात पुन्हा पुन्हा टोकणं आहे आणि 'कन्फर्म शेमिंग'ही, म्हणजे गिऱ्हाइकाला लाजवून हो म्हणायला लावणं. 'नको, मला आदिवासी भगिनींना मदत करायची नाही' असं बटण त्यातलंच. नियम मोठ्या कंपन्यांपुरते नाहीत, विक्रेत्यांनाही लागू आहेत. 'नको' एवढंच लिहा ना!

साइट तयार झाली की ती कधीच न पाहिलेल्या घरातल्या माणसाच्या हातात साधा मोबाइल द्या, तोही रेंज दोनच काड्या असेल तिथे. एक ऑर्डर करायला सांगा, गप्प बसा आणि चौकटी मोजा. दोनपेक्षा जास्त निघाल्या तर वेबसाइटवाल्याचा शेवटचा हप्ता जरा थांबवा.