‘डिजिटल’ आणि अंगुळ

शनिवार पेठेंतील एका संग्राहकांकडे ग्रहलाघवाची पोथी पाहावयास आम्ही गेलों असतां, “मूळ पोथी वारंवार हाताळूं नये, हिची डिजिटल प्रत न्यावी,” असें त्यांनीं सुचविलें. पोथींत ग्रहणाचें माप अंगुळांत होतें, आणि ‘डिजिटल’ याचाहि मूळचा अर्थ ‘बोटाचें’ असाच आहे. हें साम्य कोठवर खरें, हें संग्राहकांनीं जाणणें अवश्य आहे.

लॅटिन भाषेंत ‘डिजिटस्’ म्हणजे बोट. रोमन लोकांच्या एका पायांत असे 16 डिजिटस् भरत. कौटिलीय अर्थशास्त्रांतहि आठ यवांचें एक अंगुल, बारा अंगुलांची वितस्ति व चोवीसांचा हस्त असें कोष्टक आहे. बोटावरून माप निघालें, तशी गणनाहि निघाली. इ. स. 725 मध्यें बीड या इंग्रज साधूनें बोटांनीं संख्या दाखविण्याची रीत लिहून ठेविली. पुढें यूरोपीय गणितांत दहाच्या आंतील अंकांस ‘डिजिट’ म्हणजे बोट, व दशकांस ‘आर्टिक्युलस’ म्हणजे पेर, अशीं नांवें पडलीं. बोटांच्या पेरांवर जप मोजणारांस हें नवल वाटूं नये.

‘डिजिटल’ या विशेषणास असे दोन अर्थ आले: बोटासंबंधीं व अंकासंबंधीं. पहिला वैद्यकांत अद्याप चालतो. बोटांच्या धमन्यांस तेंच विशेषण लावितात. दुसरा यंत्रांस चिकटला तो 1942 मध्यें. विजेच्या ठोक्यांनीं मोजणी करणाऱ्या यंत्रांस हें विशेषण लावावें, असें अमेरिकन गणिती जॉर्ज स्टिबिट्झ यांनीं सुचविलें. मराठींतील ‘अंकीय’ हा प्रतिशब्द अर्थानें बरोबर आहे. पण ‘अंक’ म्हणजे खूण, त्यांत बोट नाहीं.

आतां सावधगिरीची गोष्ट. इंग्रजी ज्योतिषांत ग्रहणाचा ‘डिजिट’ म्हणजे बिंबाच्या व्यासाचा बारावा भाग. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके 1442 (इ. स. 1520) मध्यें रचिलेल्या ग्रहलाघवांत तसें नाहीं. तेथें चंद्राच्या दैनिक गतीच्या कलांस 74 नीं भागून बिंब अंगुळांत काढितात. गति 790 कला धरिल्यास तें पावणेअकरा अंगुळांच्या आसपास येतें. म्हणून पोथींतील ग्रासाचीं अंगुळें इंग्रजी डिजिट समजून बारांनीं भागल्यास ग्रहण प्रत्यक्षाहून लहान ठरेल, आणि त्यावरून केलेला कालनिर्णय फसण्याचा संभव राहील. हें अंगुळ लांबीच्या अंगुळाहूनहि निराळें आहे.

डिजिटल प्रतीसंबंधींहि एक सूचना आहे. तींत पानाचें प्रत्येक अक्षर अंकरूपानें उतरतें, परंतु पान केवढें तें उतरत नाहीं. सबब छायाचित्र घेतांना पानाशेजारीं मोजपट्टी ठेवावी आणि लांबी-रुंदी सूचींत नोंदवावी. बोटाच्या मापाचें नांव धारण करणाऱ्या प्रतींत मापच नसावें, हें बरें नव्हे.