दोन हजार बारचा साक्षीदार

खडीच्या खाणीत ब्रेकर लावून चालणारी पोकलेन भर कामात दम टाकते. रेस वाढवली तरी इंजिन उचल घेत नाही, डिस्प्लेवर दिवा पेटतो आणि कोड येतो : एसपीएन १५७. ऑपरेटर फोनवर तेवढाच आकडा कळवतो. पलीकडून सल्ला मिळतो, ‘रेल प्रेशर सेन्सर गेलाय, बदलून टाका.’ नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो आणि दोन-चार दिवसांत पुन्हा पेटतो. सेन्सरचे पैसे गेले, मशीन उभं राहिलं, दोष होता तिथेच राहिला. कारण १५७ हा आकडा ‘रेलच्या दाबाबद्दल तक्रार आहे’ एवढंच सांगतो. तक्रार कसली आहे, ते त्याच्यापुढच्या आकड्यात असतं, आणि तो कुणी वाचलेलाच नसतो.

तो वाचायचा तर आधी हा सेन्सर मोजतो काय, ते कळायला हवं. जुन्या डिझेल इंजिनात पंप प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दाब तयार करायचा. इंजिन मंद फिरत असलं की दाबही कमी. कॉमन रेल पद्धतीत पंप एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल सतत दाबून ठेवतो आणि इंजिनाचा संगणक, ज्याला मेकॅनिक ईसीएम म्हणतात, इशारा देईल तेव्हा इंजेक्टर त्यातून ते घेतात. जपानच्या डेन्सोने १९९५ साली ही पद्धत हिनोच्या ट्रकमध्ये आणली, १९९७ साली बॉशची प्रणाली मोटारींत आली. दाब जितका जास्त तितका फवारा बारीक, ज्वलन चांगलं आणि काजळी कमी. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तसा दाबही चढत गेला. आपल्याकडे चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून सीईव्ही-४ आणि जानेवारी २०२५ पासून सीईव्ही-५ हे टप्पे लागू झाले, आणि गावोगावी विहिरी-पाणंदींच्या कामावर दिसणाऱ्या बॅकहो लोडरमध्येही कॉमन रेल पोचली. आजच्या इंजिनांत हा दाब २,००० बारच्या घरात जातो. तुलनेसाठी : समुद्रातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास ११ किलोमीटर पाण्याखाली, दाब साधारण १,१०० बार असतो.

एवढा दाब मोजणारा भाग बोटभर लांबीचा आहे, आणि त्याची रचना मला फार सुंदर वाटते. सेन्सरच्या टोकाच्या बारीक छिद्रातून दाब एका पोलादी पडद्यावर पोचतो. पडदा वाकतो तो मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच. त्याच्या मागच्या बाजूला विद्युतरोधाच्या अतिशय पातळ पट्ट्या असतात. पडद्याबरोबर त्या ताणल्या-दाबल्या जातात आणि त्यांचा रोध बदलतो. तार ताणली की तिचा रोध बदलतो, हे विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ साली दाखवलं होतं. त्यावर आधारलेला स्ट्रेन गेज १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी वेगवेगळा घडवला. रोधातला हा बदल इतका सूक्ष्म असतो की सरळ मोजणं अवघड. म्हणून चार पट्ट्या व्हीटस्टनच्या सेतूत जोडतात. बारावीच्या भौतिकशास्त्रातला हाच तो सेतू. इंजिनाजवळच्या उष्णतेने चारही पट्ट्या सारख्याच तापतात, त्यामुळे उष्णतेचा परिणाम आपापसांत खोडला जातो आणि दाबाचा तेवढा उरतो. सेतूतून निघालेले मोजके मिलिव्होल्ट आतलं सर्किट वाढवून साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टपर्यंत नेतं. तो संदेश ईसीएमकडे जातो.

ईसीएम या संदेशावर पूर्ण विश्वास टाकतो. हवा असलेला दाब आणि सेन्सरने सांगितलेला दाब यांची तो सतत तुलना करतो आणि पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं हे ठरवतो. सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त दाब दाखवू लागला, तर ईसीएम दाब उतरवतो. इंजिन अशक्त होतं, कधी सुरूच होत नाही. सेन्सर कमी दाखवू लागला, तर ईसीएम दाब चढवत नेतो. इंजिन ठोकायला लागतं, कधी रेलवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. संदेशच तुटला, तर बहुतेक इंजिनं ठरावीक दाब गृहीत धरून, ताकद कमी करून कशीबशी चालत राहतात.

आता तो पुढचा आकडा. त्याला एफएमआय म्हणतात. १५७ पुढे ३ असेल तर संदेशाचा व्होल्टेज असायला हवा त्याहून जास्त आहे, ४ असेल तर कमी. हे दोन्ही विजेचे दोष : सेन्सर, कनेक्टर किंवा वायर. पण १ किंवा १८ असेल, तर बहुधा सेन्सर आपलं काम नीट करतो आहे. दाब खरोखरच कमी आहे, आणि तो ते प्रामाणिकपणे सांगतो आहे. अशा वेळी सेन्सर बदलणं म्हणजे खरं बोलणाऱ्या साक्षीदाराला बाहेर काढणं. तुंबलेला फिल्टर, सक्शन पाइपमधून ओढली जाणारी हवा, झिजून रिटर्नमध्ये जास्त डिझेल सोडणारे इंजेक्टर, थकलेला पंप, गळका सेफ्टी व्हॉल्व्ह, शोध इथे घ्यायचा.

विजेचा दोष असला तरी हात आधी हार्नेसकडे, म्हणजे वायरींच्या जुडग्याकडे, जावा. ब्रेकरच्या हादऱ्यांनी वायर ब्रॅकेटवर घासून उघडी पडते, पावसाळ्यात कनेक्टरच्या पिना हिरव्या होतात, उभ्या मशीनमध्ये उंदीर वायरी कुरतडतात. सेन्सरला सहसा तीन वायर असतात : पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि संदेश. एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या सेन्सरचे कोड आले, तर सामाईक पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर संशय घ्यावा. कुठल्यातरी एका सेन्सरमधलं शॉर्ट सगळ्यांना खाली ओढतं. मात्र मीटर लावण्यासाठी वायरच्या आवरणात टाचणी खुपसू नये. त्या छिद्रातून ओल शिरते आणि तांबं आतून सडतं.

बदलायचंच ठरलं, तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये एक गोष्ट आधी पाहावी : काही रेलवरचा सेन्सर सुटा काढायची परवानगीच नसते, रेलसकट बदलावा लागतो. कारण धातूवर धातू घट्ट रुतून तिथलं सील तयार झालेलं असतं, आणि एकदा मोडलं की ते पुन्हा तसंच जमेल याची खात्री नसते. याच कारणाने काढलेला सेन्सर पुन्हा लावू नये आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. टॉर्क रेंच हवाच, अंदाजाचा हात इथे चालत नाही. इंजेक्टरमधल्या हलत्या भागांमधली फट काही मायक्रॉनच असते, म्हणून खोलण्याआधी आजूबाजूची धूळ पूर्ण साफ करावी आणि नवा सेन्सर अगदी बसवायच्या क्षणीच पाकिटातून काढावा.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते जिवाबद्दल. जुन्या इंजिनात चालू असताना इंजेक्टर पाइपचा नट ढिला करून एअर काढायची सवय अनेक हातांना आहे. कॉमन रेलवर ती प्राणघातक ठरू शकते. एवढ्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणीच्या टोकाएवढी जखम दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस फडक्याने पुसून कामाला लागतो. आत मात्र डिझेल स्नायूंमधून पसरत असतं, आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची जखम आहे. दवाखान्यात गेल्यावर ‘जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट शब्दांत सांगावं. इंजिन बंद केल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ, अनेक ठिकाणी निदान दहा मिनिटं, थांबावं आणि स्कॅनरवर दाब उतरलेला पाहूनच पाना लावावा. गळती शोधताना हात कधीच फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

सेन्सर बसल्यावर हँड पंपाने डिझेल भरावं, कोड पुसावा आणि इंजिन तापल्यावर लोड देऊन हवा असलेला आणि प्रत्यक्ष दाब स्कॅनरवर शेजारी शेजारी पाहावा. काही इंजिनांत नवा सेन्सर ईसीएमला ओळखवूनही द्यावा लागतो.

बाकी देखभाल ही मुख्यतः डिझेलची देखभाल आहे. साइटवर उघड्यावर ठेवलेल्या बॅरलमध्ये पावसाळ्यात पाणी जमतं, आणि ते पंप-इंजेक्टरबरोबर सेन्सरलाही गंजवतं. वॉटर सेपरेटर रोज सकाळी खालून सोडावा, बॅरलच्या तळाचं डिझेल टाकीत ओतू नये, इंजिन धुताना कनेक्टरवर थेट फवारा मारू नये. आणि मशीन ठणठणीत असतानाच एकदा स्कॅनर लावून दोन आकडे लॉगबुकात लिहून ठेवावेत : रात्रभर उभ्या मशीनची नुसती चावी फिरवल्यावर दिसणारा दाब, जो शून्याच्या जवळ हवा, आणि तापलेल्या इंजिनाचा आयडलिंगचा दाब. पुढे कधी दिवा पेटला, तर मेकॅनिकच्या हातात तुलनेला त्याच मशीनचे आकडे असतील.