साखळीतला पलीकडचा माणूस

विक्री विभाग म्हणतो, कारखान्याला बाजार कळत नाही. कारखाना म्हणतो, विक्रीवाले वाटेल त्या तारखा कबूल करून मोकळे होतात. वेगवेगळ्या विषयांत तयार झालेली माणसं एकत्र कामाला बसली की हे हमखास होतं. त्यावर उपाय म्हणून खेळ खेळवण्याची पद्धत आता कंपन्यांत रुळली आहे. त्यातले बरेच खेळ घटकाभर करमणुकीपलीकडे जात नाहीत. पण अमेरिकेतल्या एमआयटीत 1960च्या दशकात आकाराला आलेला ‘बिअर गेम’ नीट पाहिला, तर समजूतदारपणा खेळातून नेमका कसा येतो याचा उलगडा होतो. आपल्या वैतागाचं मूळ पलीकडच्या माणसात नव्हतंच, हे स्वतःच्याच आकड्यांत दिसलं की तो येतो, असं माझं मत आहे.

या खेळात चौघं असतात : किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही. दर आठवड्याला चिठ्ठीवर फक्त ऑर्डर लिहून पुढे सरकवायची. चिठ्ठी पोहोचायला वेळ लागतो, माल यायलाही लागतो. ग्राहकाची मागणी फक्त दुकानदाराला दिसते. सुरुवातीला ती आठवड्याला 4 पेट्या असते, मग एकदाच वाढून 8 होते आणि शेवटपर्यंत तिथेच राहते. एवढ्याशा बदलाने साखळी हेलकावे खाऊ लागते. माल येईना म्हणून जो तो जास्त मागवतो, आणि सगळा माल एकदम आला की गोदामं तुंबतात. जॉन स्टर्मन यांनी 1989 साली मांडलेल्या अभ्यासात संघांचा सरासरी खर्च किमान शक्य खर्चाच्या सुमारे दसपट निघाला. खेळ संपल्यावर ग्राहकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगितला की बहुतेक खेळाडू मोठे चढउतार काढतात. मग खरा आलेख समोर येतो : एक पायरी, पुढे सरळ रेघ. इतका वेळ ज्याच्यावर चडफडलो, तो शेजारी आपल्यासारखाच अंधारात चाचपडत होता, हे त्या रेघेवरून कळतं.

हे सगळं पटावरचं, खऱ्या व्यवहारात काय, असा आक्षेप येतोच. पण प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला पॅम्पर्स डायपरच्या ऑर्डरींत हाच प्रकार आढळला होता. बाळांची गरज स्थिर, दुकानांतली विक्रीही जवळपास स्थिर, आणि वितरकांच्या ऑर्डरी मात्र भलत्याच वरखाली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून माणूस खरंच कळतो का? ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या 25 प्रयोगांत अशा कल्पनेने अंदाजाची अचूकता वाढली नाही. थेट विचारल्यावर मात्र वाढली. म्हणजे नुसती भूमिकांची अदलाबदल करून घरी पाठवणारा खेळ फसवा ठरू शकतो, कारण ‘मला आता सगळं कळलं’ ही खात्री विचारायची गरजच संपवते. म्हणून खेळानंतरची चर्चा मला खेळाइतकीच मोलाची वाटते. चौघांच्या ऑर्डरींचे कागद शेजारी शेजारी लावायचे आणि कारखान्याने दुकानदाराला विचारायचं, ‘त्या आठवड्यात एवढं का मागवलंस? तुला काय दिसत होतं?’