चाचणीबाहेरची बाई

बार्सिलोनात 2022 च्या ऑगस्टमध्ये युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांचं वार्षिक संमेलन भरलं, तेव्हा ‘इन्व्हिक्टस’ नावाच्या चाचणीचा निकाल जाहीर झाला. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झाली आणि त्यापायी ठोकेही बिघडले, की गुठळी होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं वॉरफरिन किंवा तिच्याच जातीची गोळी देतात. तिच्याऐवजी रिव्हरॉक्सबॅन ही नवी गोळी दिली तर निदान तेवढंच काम भागेल का, एवढंच पाहायचं होतं. भागेल, असा अंदाज होता. निकाल उलटा लागला. नव्या गोळीच्या गटातल्या 2275 रुग्णांपैकी 552 दगावले, जुन्या गोळीच्या गटातल्या 2256 पैकी 442. मोठ्या रक्तस्रावाच्या बाबतीत दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता.

ही चाचणी 24 देशांत झाली, आणि ते देश आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले. नेतृत्व कॅनडाचे स्टुअर्ट कॉनोली आणि दिल्लीच्या ‘एम्स’चे गणेशन कार्तिकेयन यांचं होतं. रुग्णांचं सरासरी वय जेमतेम पन्नास. दर चार जणांत जवळपास तीन बायका. ठोक्यांच्या या विकारावर श्रीमंत देशांत चाचण्या होतात, तेव्हा त्यांतला रुग्ण साधारण सत्तरीचा असतो. इथे वीस वर्षांनी लहान बाई होती, आणि तिच्यावर नव्या गोळीची अशी मोठी परीक्षा तोवर झालीच नव्हती.

तिचं दुखणं सुरू होतं ते हृदयात नव्हे, घशात. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूमुळे लहानपणी घसा धरतो, आठ-दहा दिवसांत बराही होतो. काही मुलांच्या बाबतीत मात्र दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, परवा घोटा, मग कोपर. दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरतं आणि काही आठवड्यांत मागमूस न ठेवता जातं. घरचे ‘वाढीचं दुखणं’ म्हणतात, कुणी तेल चोळतं, कुणी हाडवैद्याकडे नेतं, आणि सांधा खरोखरच बरा होत असल्यामुळे त्या उपायाला श्रेयही मिळतं. हा ताप सांध्यांना नुसता चाटतो पण हृदयाला चावतो, अशा अर्थाचं एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर लासेग यांचं म्हणणं वैद्यकात अजून सांगितलं जातं. जंतूविरुद्ध तयार झालेली शरीराची फौज हृदयाच्या झडपांवर उलटते. डाव्या बाजूची मायट्रल झडप हळूहळू जाड होते, तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, वाट अरुंद होते. पंधरा-वीस वर्षं काही कळत नाही. मग पहिल्या-दुसऱ्या गरोदरपणात, शरीरातलं रक्ताचं प्रमाण वाढल्यावर, जिना चढताना दम लागतो आणि निदान होतं.

अरुंद झडपेच्या मागे रक्त तुंबतं. वरचा डावा कप्पा फुगत जातो आणि एक दिवस त्याची लय सुटते. मिनिटाला 350 ते 600 अशा वेगाने तो नुसता थरथरतो, आकुंचन असं होतच नाही. यालाच एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. मनगटावर बोट ठेवलं तर नाडी कधी लवकर, कधी उशिरा, कधी जोरात, कधी पुसट. तिला कसलाच हिशेब नसतो. माणूस धडधडीला घाबरतो, पण खरी भीती वेगळी आहे. कप्प्याच्या कोपऱ्यात एक छोटी पिशवी असते. तिथे रक्त साचून गुठळी धरते, ती सुटली की थेट मेंदूकडे जाते आणि अर्धांगवायूचा झटका येतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध अभ्यासाने 1978 मध्येच दाखवलं होतं, की झडप चांगली असताना ठोके बिघडले तर झटक्याचा धोका पाचपटीहून अधिक वाढतो. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली असेल तर सतरापट.

म्हणून गोळी. लोक तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. प्रत्यक्षात रक्त पातळ वगैरे काही होत नाही. गोठायला वेळ लागतो, इतकंच.

ही जुनी गोळी सापडली ती गोठ्यातून. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात 1920 च्या दशकात गुरं अचानक रक्तस्रावाने मरू लागली होती. शिंगं कापली, बैल खच्ची केला, की रक्त थांबायचंच नाही. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने कारण ओळखलं: ओल लागून बुरसलेला ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा चारा. पण मंदीच्या काळात चारा फेकून द्यायची ऐपत कुणाची होती? विस्कॉन्सिन राज्यातला एड कार्लसन हा शेतकरी 1933 च्या फेब्रुवारीत, हिमवादळात, मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेलं न गोठणारं रक्त आणि जवळपास शंभर पौंड चारा घेऊन मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. तिथे त्याला कार्ल पॉल लिंक हे जीवरसायनशास्त्रज्ञ भेटले. दोषी पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती यायला पुढे सहा वर्षं लागली. चाऱ्यातल्या सुवासिक कूमरिनचं बुरशीमुळे डायकूमरॉल होतं, हे 1940 मध्ये पक्कं झालं. त्याच कुळातलं एक जहाल संयुग 1948 पासून उंदीर मारायला विकलं जाऊ लागलं. विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठानाच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं वॉरफरिन. उंदराचं विष माणसाला द्यायला डॉक्टर साहजिकच कचरत होते. तरी 1954 मध्ये परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं. मग कुणाची हरकत राहिली नाही.

वॉरफरिन काम कशी करते हे कळायला आणखी वीस वर्षं गेली. रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात, पण तयार झाल्या झाल्या ती निकामीच असतात. त्यांच्यातल्या ठरावीक जागी एक जादा कार्बॉक्सिल गट जोडला गेला तरच ती कॅल्शियमला धरू शकतात. हे जोडकाम ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने चालतं. दर वेळी जीवनसत्त्व खर्ची पडतं आणि एक विकर ते पुन्हा वापरण्याजोगं करतं. वॉरफरिन त्या विकराला अडवते. जुनी प्रथिनं संपायला मात्र काही दिवस जातात, म्हणून गोळीचा असर आज घेतली आणि आज दिसला असा नसतो, आणि जास्त झालेला असर लगेच उतरतही नाही. शिवाय या विकराची घडण माणसागणिक वेगळी. एकाला दिवसाला दोन मिलिग्रॅम पुरतात, त्याच वजनाच्या दुसऱ्याला आठ लागतात.

यातूनच रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या आयएनआर तपासणीचा ससेमिरा मागे लागतो. निरोगी माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो; या रुग्णांचा साधारण दोन ते तीनमध्ये ठेवायचा. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर, त्यामुळे बऱ्याच घरांत पालेभाजीच बंद करतात. ते चूक आहे. भाजी खावी, पण दर आठवड्याला साधारण सारखी. श्रावणात एकदम ताट बदललं तर तपासणी लवकर करावी. औषधांचा त्रास याहून मोठा. क्षयावरचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर गोळीचा असर घटतो, डोस वाढवावा लागतो. क्षयाचा कोर्स संपल्यावर तो वेळेत खाली आणला नाही तर आयएनआर उसळी मारतो. मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल नेमकं उलट करतात. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेलं डायक्लोफेनॅक पोटात रक्तस्राव घडवू शकतं. आणि तालुक्याच्या गावी जाऊन तपासणी करायची म्हणजे एका दिवसाचा रोज बुडाला.

नव्या गोळ्या आल्या त्या ही सगळी कटकट मिटवायला. मजा अशी, की रिव्हरॉक्सबॅनला पहिली मान्यता 2008 मध्ये मिळाली ती हृदयासाठी नव्हे, खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलल्यावर पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून. हाडांच्या शस्त्रक्रियेनंतर निजून राहिलेल्या रुग्णाला ती भीती असतेच. ठोक्यांच्या विकारासाठी 2009 ते 2013 या काळात चार मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, त्यांत मिळून 71 हजारांहून अधिक रुग्ण. वॉरफरिनच्या तुलनेत नव्या गोळ्यांनी मेंदूतला रक्तस्राव जवळपास निम्म्यावर आणला, मृत्यूही थोडे कमी झाले. तपासणी नाही, पथ्य नाही. हा विजय खरा होता, आणि झडप चांगली असलेल्या बहुतेक रुग्णांसाठी आजही नवी गोळीच योग्य आहे.

पण त्या 71 हजारांत मायट्रल झडप मध्यम किंवा जास्त अरुंद झालेल्यांना घेतलंच नव्हतं. धातूची झडप बसवलेल्यांनाही नाही. चाचणीचे नियम करताना अशा वेगळ्या रुग्णांना वगळणं रीतसर असतं, त्यात कुणाचा कट नव्हता. परिणाम एवढाच, की आपल्याकडे सरकारी रुग्णालयाच्या हृदयविभागात नेहमी दिसणारी ती पन्नाशीची बाई पुराव्याच्या बाहेर राहिली. ‘इन्व्हिक्टस’ने तिला आत घेतलं आणि उत्तर फिरलं. धातूच्या झडपांबाबत तर डॅबिगॅट्रान या दुसऱ्या नव्या गोळीची चाचणी झटके आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. तो निकाल 2013 मध्ये प्रसिद्ध झाला.

असं का व्हावं? ‘इन्व्हिक्टस’मधल्या मृत्यूंचा फरक केवळ झटक्यांनी पडला असता तर उलगडा सोपा होता. गुठळीने येणारे झटके जुन्या गोळीवर कमी आलेच, पण मोठा फरक पडला तो अचानक आलेल्या मृत्यूंत आणि हृदय निकामी होऊन झालेल्या मृत्यूंत. एक तर्क असा, की आयएनआरसाठी दर महिन्याला येणाऱ्या बाईला कुणीतरी पाहतं, सूज दिसते, दम कळतो, औषध बदलतं. तर्क मला पटण्यासारखा वाटतो, पण त्याने सगळं उलगडतं असं नाही. विशेष म्हणजे जुन्या गोळीच्या गटातही आयएनआर काही आदर्श नव्हता. पाठपुराव्याच्या काळात तो हव्या त्या पट्ट्यात असायचा साधारण 56 ते 65 टक्के रुग्णांत. अर्धवट जमलेली वॉरफरिनसुद्धा पुढे गेली.

रुग्ण बदलला की उत्तर बदलतं, याचा दुसरा पुरावा नेदरलँड्सचा. तिथे पंचाहत्तरीपुढच्या, प्रकृतीने खचलेल्या आणि जुन्या गोळीवर बरं चाललेल्या वृद्धांना नव्या गोळीवर आणलं, तर रक्तस्राव 69 टक्क्यांनी वाढला. ‘फ्रेल-एएफ’ नावाची ही चाचणी 2023 मध्ये जाहीर झाली. अस्थिरोगातही तेच. हाड मोडून दाखल झालेल्या 12 हजारांहून अधिक रुग्णांवर अमेरिका-कॅनडात झालेल्या चाचणीत साधी अ‍ॅस्पिरिन गुठळी रोखणाऱ्या महागड्या हेपरिनच्या इंजेक्शनांइतकीच जीव वाचवते असं 2023 मध्ये दिसलं. त्या रुग्णांचं सरासरी वय पंचेचाळीसच्या आसपास होतं. ऑस्ट्रेलियात सांधा बदललेल्यांवर 2022 मध्ये हाच प्रश्न विचारला, तर अ‍ॅस्पिरिन मागे पडली. आणि जीवरसायनशास्त्राने ज्यावर मोठी आशा ठेवली होती, तो रक्त गोठवणाऱ्या अकराव्या घटकाला अडवण्याचा मार्ग? जन्मतः हा घटक कमी असलेल्यांना फारसा रक्तस्राव होत नाही, म्हणून तोच अडवावा ही कल्पना फार देखणी आहे. पण अ‍ॅसुंडेक्सियान या औषधाची ठोक्यांच्या विकारावरची चाचणी 2023 च्या नोव्हेंबरमध्ये मध्येच बंद करावी लागली. रक्तस्राव कमी झाला, झटके वाढले.

तेव्हा ‘नवीन संशोधन सांगतं’ असं कुणी म्हणालं, की संशोधन कुणावर झालं ते विचारावं. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटायचं कारण नाही.

घरात कुणाच्या फाईलवर ‘मायट्रल स्टेनोसिस’, म्हणजे मायट्रल झडप अरुंद, असं लिहिलं असेल किंवा धातूची झडप बसवली असेल, तर शेजारच्या काकांना नवी गोळी मानवली म्हणून आपली बदलू नका, आणि आयएनआर चुकवू नका. वॉरफरिन घेणाऱ्या तरुण स्त्रीने दिवस राहण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावं. पहिल्या तिमाहीत ती बाळाच्या वाढीला अपाय करू शकते. स्वतः होऊन बंद करणं त्याहून धोक्याचं. आणि लहान मुलाला घसा धरल्यानंतर ताप येऊन सांधे एकामागून एक सुजले, तर तेल चोळत बसू नका. युगांडात झडपेवर नुकती खूण उमटलेल्या 818 मुलांवर चाचणी झाली, तिचा निकाल 2021 मध्ये आला: दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालेल्यांत दोन वर्षांत रोग 0.8 टक्के मुलांत वाढला, न मिळालेल्यांत 8.2 टक्के. हे पेनिसिलिन स्वस्त आहे. मुलाला डॉक्टरांना दाखवून हृदयाची तपासणी करून घ्या.