तरोट्याचें पेय

पावसाळा लागला कीं आपल्या जिल्ह्यांतील धुरे, पडीक जमिनी व रस्त्यांच्या कडा तरोट्यानें हिरव्यागार होतात. कोंकणांत यासच टाकळा म्हणतात. आषाढांत कोंवळ्या पाल्याची भाजी आपण आवडीनें खातों. पुढें मात्र तेंच झाड तण समजून त्याकडे पाठ फिरवितों. वस्तुतः त्याचें बीं उपयोगी आहे. जपान व कोरिया या देशांत अशा बियांस भाजून व उकळून चहाप्रमाणें पिण्याचा प्रघात आहे.

चहास पर्याय शोधण्याचा विचार वर्ध्यास नवा नाहीं. १९३४ सालीं ग्रामोद्योग संघ येथें स्थापन झाला. १९३६ सालीं महात्माजी सेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहावयास आले. आगाखान महालांतील बंदिवासांत १९४२ सालीं लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकांत त्यांनीं चहाऐवजीं ऊन पाणी, मध व लिंबू यांचें पेय सुचविलें आहे. मध व लिंबू बहुतेकांस विकत घ्यावे लागतात. तरोटा धुऱ्यावर उभाच आहे.

कार्तिकाच्या सुमारास शेंगा तपकिरी होतात. त्या उकलण्यापूर्वीं, सकाळीं दंव असतांना, विळ्यानें झाडें कापावीं. म्हणजे बीं मातींत सांडत नाहीं. खळ्यावर वाळवून काठीनें बडवावें व सुपानें पाखडावें. निवडलेलें बीं लोखंडी तव्यावर मंद आंचेनें, सारखें हालवीत भाजावें. तें तडतडून कॉफीसारखा वास सुटला कीं उतरवावें, निवल्यावर जाडसर कुटावें व कोरड्या बरणींत भरावें. दोन पेले पाण्यास एक चमचा पूड घालून पांच मिनिटें उकळावी, गाळावी व हवा तर गूळ घालावा.

येथपर्यंत सारें सोपें आहे. परंतु एक गोष्ट जिवावरची आहे. तरोट्याच्या शेजारीं पुष्कळदां कासविंदा उगवतो. त्याचींहि फुलें पिवळींच; पण बीं विषारी. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागांत लहान मुलांचे प्राण घेणाऱ्या एका आजाराचा संबंध याच बियांशीं असल्याचें वैद्यकीय संशोधकांनीं २००७ सालीं दाखविलें.

तरोट्याच्या पानास पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असून त्यांचीं टोंकें गोलट असतात. शेंग बारीक, लांब व विळ्यासारखी वांकडी. बीं चकचकीत व कोनदार. कासविंद्याच्या पर्णिका टोंकदार, शेंग चपटी व फिक्या कडांची, बीं चपटें व गोलसर. म्हणून पानें हिरवीं असतांनाच झाडें पारखून कासविंदा उपटून टाकावा. झाड वाळल्यावर पाहूं म्हणणारा फसतो. शंका आली तर सबंध रास टाकून द्यावी. बियांची किंमत मुलाच्या जिवाहून अधिक नाहीं.

खुद्द तरोट्यांतहि सारक गुण आहे. भाजल्यानें तो कमी होतो, नाहींसा होत नाहीं. म्हणून दिवसास एका पेल्यावर थांबावें. गरोदर स्त्रिया, लहान मुलें व अतिसाराचे रोगी यांनीं तें घेऊं नये.

शेवटीं एक सूचना. महसुली नोकरींत धुऱ्याचे तंटे मीं पुष्कळ पाहिले आहेत; तेव्हां दुसऱ्याच्या धुऱ्यावरील तरोटा विचारूनच कापावा, आणि बोर व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दींत यासाठीं पाऊल टाकूं नये. पहिल्या वर्षीं पायलीभरच बीं करून पाहावें. घरच्यांस रुचलें तर पुढच्या कार्तिकांत विळा आपोआप हातीं येईल.