विजेची दुचाकी : सोय, जोखीम आणि हक्क

पांढुर्णा आणि सौंसर ही सातपुड्याच्या पायथ्याची, संत्र्यांच्या बागांनी वेढलेली दोन गावे. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातून या दोन तहसिलींचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेशाचे, कचेरीची भाषा हिंदी, पण घरची व बाजारची बोली बहुतांशी मराठी. दवाखाना, कापडखरेदी, मुलांचे उच्च शिक्षण अशा प्रत्येक कामासाठी येथील माणसाचे पाऊल नागपूरकडे वळते. अशा गावात रोजची धाव फारशी लांबची नसते. घर ते शाळा, घर ते बाग, घर ते बाजार एवढीच. ही धाव स्वस्तात भागविणारे वाहन म्हणून विजेवर चालणारी स्कूटर आता गावोगाव पोहोचली आहे. तिला पेट्रोल लागत नाही, तिचा आवाज होत नाही, आणि तिच्यातल्या एका प्रकाराला तर परवानाही लागत नाही. या अखेरच्या सोयीतच एक प्रश्न दडलेला आहे. गाडी घेताना तो कोणी विचारीत नाही, अपघात झाल्यावर मात्र सारे घर त्यात अडकते.

प्रश्न असा की, रस्त्यावर दिसणारी प्रत्येक विजेची दुचाकी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन आहे काय? उत्तर आहे, नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी विजेच्या दुचाकींचे दोन वर्ग केले आहेत. जिच्या मोटारीची शक्ती २५० वॅटहून कमी आहे, जिचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी आहे, आणि जिला सरकारमान्य तपासणी संस्थेने तसा दाखला दिला आहे, ती मोटार वाहन समजली जात नाही. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक. या वर्गातील गाडीला नोंदणी नको, चालकाला परवाना नको, विमाही सक्तीचा नाही. या मर्यादेबाहेरची प्रत्येक गाडी मात्र पूर्णार्थाने मोटार वाहन होय. तिला नोंदणी हवी, परवाना हवा, शिरस्त्राण हवे आणि विमा हवा. ओळखण्याची खूण सोपी आहे. नोंदलेल्या खासगी विजेच्या गाडीची क्रमांकपट्टी हिरवी असून तिच्यावर पांढरी अक्षरे असतात. पहिल्या वर्गातील गाडीला क्रमांकपट्टीच नसते.

ही बिनक्रमांकाची गाडी आईबापांना निर्धास्त वाटते. वेग कमी, परवाना नको, मग मुलाने शिकवणीला नेली तर बिघडले कोठे? येथे थोडे गणित करून पाहिले पाहिजे. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ७ मीटर पुढे सरकते. समोर अचानक वासरू आले, तर ते डोळ्यांना दिसून हाताने ब्रेक दाबीपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडीने ७ मीटर कापलेले असतात. वेग ४५ असेल तर हेच अंतर साडेबारा मीटर होते. आघाताची शक्ती तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५ ऐवजी ४५ वेगाने आदळणाऱ्या शरीराला दुप्पट नव्हे, तिपटीहून अधिक जोराचा तडाखा बसतो. आणि २५ चा वेगही निरुपद्रवी नव्हे. चालत्या गाडीवरून डोके थेट डांबरावर आपटले, तर कवटीच्या आत रक्तस्राव होण्यास तेवढा आघात पुरेसा ठरू शकतो.

विजेच्या मोटारीचे आणखी दोन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. पेट्रोलचे इंजिन हळूहळू जोर धरते, विजेची मोटार मूठ पिळताच सारा जोर एकदम देते. सवय नसलेल्या चालकाच्या हातून, विशेषतः गर्दीत, गाडी पुढे झेपावते ती यामुळे. दुसरा विशेष म्हणजे तिचा मूकपणा. मागून येणाऱ्या वाहनाचा अंदाज आपण डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक घेतो. बाजाराच्या दिवशी रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धाला ही गाडी अंगावर येईपर्यंत जाणवत नाही. पडणाऱ्या दुचाकीस्वाराला नेहमी होणाऱ्या इजा म्हणजे मनगट व गळ्याजवळचे हाड मोडणे, पायाचे नळे मोडणे, कातडी खरवडणे आणि डोक्याला मार. यांतील पहिल्या तीन बहुधा भरून निघतात. चौथी इजा पुष्कळदा आयुष्यभर पुरते.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. शिरस्त्राण नसलेल्या मृतांची संख्या ५० हजारांवर होती. त्याच वर्षी अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेशाचा क्रमांक तमिळनाडूच्या खालोखाल दुसरा होता. पांढुर्ण्याजवळून नागपूर-बैतूल हा राष्ट्रीय महामार्ग जातो आणि सौंसरमधून नागपूर-छिंदवाडा रस्ता. मालमोटारींच्या त्या रांगेत २५ च्या वेगाची स्कूटर म्हणजे जवळजवळ उभी असलेलीच वस्तू. मंद गाडी गल्लीत सुरक्षित असेल, महामार्गावर तिचा मंदपणाच तिचा शत्रू ठरतो.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ ने प्रत्येक मोटार वाहनाचा त्रयस्थासाठीचा विमा सक्तीचा केला आहे. त्रयस्थ म्हणजे गाडीची धडक ज्याला बसली तो. या सक्तीमागील हेतू उघड आहे. धडक देणारा गरीब असला, तरी जखमी मनुष्य रिकाम्या हाताने परतू नये. जखमीला किंवा मृताच्या वारसांना कलम १६६ अन्वये मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. औषधपाणी, बुडालेली मजुरी, आलेले अपंगत्व, सोसलेल्या यातना या साऱ्यांचा हिशेब तेथे होतो. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही मोल आहे आणि भरपाई ठरविताना ते धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. मात्र ती रक्कम तडजोडीने स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. म्हणून सही करण्यापूर्वी वकिलाला विचारावे. धडक देणारे मोटार वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी अर्ज महसुली अधिकाऱ्याकडे, म्हणजे एसडीएम किंवा तहसीलदार यांच्या कचेरीत करावा लागतो.

परंतु ही सारी इमारत 'मोटार वाहन' या दोन शब्दांवर उभी आहे. समजा, सौंसरच्या बाजारात एका बिनक्रमांकाच्या स्कूटरने भाजी विकणाऱ्या म्हातारीला धडक दिली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. ही गाडी मोटार वाहन नाही. विमा नाही, म्हणून पैसे देणारी कंपनी नाही. दावा प्राधिकरणाचे दारही तिच्यासाठी उघडत नाही. तिला दिवाणी न्यायालयात चालकावर नुकसानभरपाईचा दावा लावावा लागेल, आणि चालक जर नववीतला मुलगा असेल, तर त्याच्याकडून वसूल काय होणार? फौजदारी खटल्यात न्यायालय भरपाईचा हुकूम करू शकते, पण तोही देणाऱ्याच्या ऐपतीवर अवलंबून. जी सोय खरेदीदाराला मिळाली, तिची किंमत अशा रीतीने म्हातारीने मोजली. उलट प्रसंगी मात्र चित्र वेगळे असते. याच स्कूटरला मागून मालमोटारीने ठोकरले, तर मालमोटार हे मोटार वाहन असल्यामुळे स्कूटरस्वाराला तिच्या विम्यातून पूर्ण भरपाई मागता येते.

याहून बिकट स्थिती तिसऱ्याच प्रकारच्या गाडीची. दाखला २५ च्या वेगाचा, पण विक्रेत्याने अथवा मिस्त्रीने आतली कळ फिरवून ती ४५ ने पळेल अशी केलेली. अशी गाडी सवलतीबाहेर गेली. आता ती विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते. तिच्यामुळे अपघात झाला, तर भरपाईचा सारा बोजा मालकाच्या घरावर, शेतावर येऊ शकतो. विमा नसल्याबद्दल दंड किंवा कैद वेगळी. ती अल्पवयीन मुलगा चालवीत असेल, तर कलम १९९-अ अन्वये पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. मुलाच्या हट्टापायी वाढविलेला वेग असा बापाच्या गळ्याशी येतो.

धोका रस्त्यावरच असतो असे नाही. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचे एक मूल दगावले. त्याच वर्षी देशात ठिकठिकाणी गाड्या पेटल्यानंतर सरकारने बॅटरीच्या तपासणीचे नियम दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून, कडक केले. लिथियमच्या बॅटरीत अनेक लहान घट शेजारीशेजारी असतात. एक घट बिघडून तापला की त्याची आच शेजारच्याला लागते, आणि काही क्षणांत सारा संच पेटतो. त्यात उन्हाळ्यात या भागातला पारा चाळिशीपार जातो. म्हणून उन्हातून आलेली गाडी निवल्यावाचून चार्जिंगला लावू नये, गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा, आणि झोपण्याच्या खोलीत किंवा घराच्या एकमेव दारापाशी बॅटरी रात्रभर लावून ठेवू नये. फुगलेली किंवा पडून चेपलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

सदोष बॅटरीने किंवा निकामी ब्रेकने इजा झाली, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ उपयोगी पडतो. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक, आणि काही प्रसंगी विक्रेताही, जबाबदार असतो. येथे गाडी नोंदलेली आहे की नाही, हा प्रश्न येत नाही. गाडी नागपुरात घेतली असली, तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. मुदत दोन वर्षांची. मात्र पावती, वॉरंटीचे कागद आणि जळालेली गाडी जपून ठेवली पाहिजे. 'बदलून देतो' म्हणून कोणी गाडी उचलून नेली की पुरावाही तिच्याबरोबर जातो. विचारपूस १९१५ या क्रमांकावर करता येते.

अपघात घडलाच, तर पहिला तास मोलाचा. १०८ किंवा ११२ ला कळवावे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, मान वाकवू नये. डोक्याला मार लागल्यावर माणूस उठून बोलू लागला तरी दिवसभर लक्ष ठेवावे. वांती, गुंगी, कानातून रक्त ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. मदत करणाऱ्या वाटसरूला कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याच्यावर खटल्याचे बालंट येत नाही, आणि त्याला आपले नावगाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. मे २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीवर नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता होऊ शकतात.

त्यानंतर कागद. पोलिसांकडील प्रथम सूचना रिपोर्टाची नक्कल, जागेचे व गाड्यांचे फोटो, साक्षीदारांची नावे, रुग्णालयाची प्रत्येक पावती हवी. येथील कागदपत्र हिंदीत होते. मराठी घरातील माणसाने ते वाचून, समजून मगच सही करावी. नागपूरच्या उपचारांचे कागद वेगळ्या धारिकेत ठेवावेत. कायद्याने अर्जाची मुदत सहा महिन्यांची घातली आहे, म्हणून 'बरे वाटल्यावर पाहू' हे धोरण महागात पडते. सीमेवरील लोकांना दिलासा असा की, अपघात सावनेर किंवा वरूडच्या हद्दीत घडला, तरी अर्ज स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या प्राधिकरणापुढे करता येतो. स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना वकील मोफत मिळतो. त्यासाठी तहसील विधिक सेवा समिती आहे आणि १५१०० हा क्रमांक आहे.

तात्पर्य, विजेची दुचाकी वाईट नाही. ती स्वस्त आहे, धूर ओकत नाही, आणि हिरव्या पट्टीची, विम्याची गाडी शिरस्त्राण घालून चालविणाऱ्याला इतर दुचाकीस्वारांइतकेच कायद्याचे पाठबळ आहे. पण जेथे कायद्याने परवाना मागितला नाही, तेथे जबाबदारी नाहीशी झालेली नाही, ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडे आली आहे. शिरस्त्राण सक्तीचे नसले तरी मुलाच्या डोक्यावर घालता येते. महामार्गावर जाण्यास मनाई करता येते. विमा सक्तीचा नसला, तरी एखादी कंपनी तो देते काय, हे विचारता येते. दुकानात गाडी पाहताना ती एका चार्जमध्ये किती किलोमीटर चालते, हे प्रत्येक जण विचारतो. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारावा : हिची धडक उद्या कोणाला बसली, तर त्याचे औषधपाणी कोण करील? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावरच पैसे मोजावेत.